भिंतीतील ओल आणि तिचा शोध

सह्याद्रीच्या पश्चिमेस समुद्रकाठची जी चिंचोळी पट्टी आहे, तेथे पाऊस जून महिन्यात येतो आणि सप्टेंबर सरेपर्यंत मुक्काम ठोकून राहतो. एकट्या मुंबईत या चार महिन्यांत सरासरीने २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. हे सारे पाणी एखाद्या गच्चीवर न वाहता साठून राहिले असते, तर उंच माणूसही त्यात बुडाला असता. या पाण्यापासून आतील माणसांचे रक्षण करणे हे घराचे पहिले काम होय. कोकणातील जुन्या घरबांधणीत याचा विचार पदोपदी दिसतो. उतरते कौलारू छप्पर, भिंतीपासून बरीच पुढे आलेली पाखी, आणि ज्या बाजूने झड येते तिकडे पावसाळ्यापुरते बांधलेले झावळ्यांचे झाप, अशी त्या घरांची रचना असे. शहरात घरे एकावर एक चढली, छपराची जागा सपाट गच्चीने घेतली आणि उंच भिंतींना आडोशावाचून पाऊस झेलावा लागला. तेव्हापासून ओल हा शहरातील घराघरांतला नित्याचा विषय होऊन बसला आहे.

तिची लक्षणे सर्वांच्या परिचयाची आहेत. छताच्या कोपऱ्यात पिवळसर डाग उमटतो. रंगाला फुगे येतात व पुढे त्याचे पोपडे सुटतात. भिंतीवर पांढरी भुकटी दिसू लागते. तिलाच भिंतीला लोणा लागला असे म्हणतात. कपाट उघडताच कुबट वास येतो आणि कपाटाच्या मागे काळे वा हिरवट ठिपके पसरलेले आढळतात. हे ठिपके म्हणजे बुरशी. दिवाळी जवळ आली की घरधनी रंगाऱ्याला बोलावतो. तो पोपडे खरवडतो, लांबी भरतो आणि दोन हात रंग देतो. भिंत चार-सहा महिने सुरेख दिसते. पुढच्या आषाढात मात्र डाग पुन्हा त्याच जागी उमटतो. असे का व्हावे? कारण पाणी कोठून आले, हे कोणी शोधलेलेच नसते.

हा शोध घेणे हा आता एक स्वतंत्र व्यवसाय झाला आहे. युरोप-अमेरिकेत ओल व बुरशी यांचीच तपासणी करणारे तज्ज्ञ असतात. आपल्याकडे हे काम बहुधा स्थापत्य अभियंता करतो आणि ते इमारतीच्या एकूण मजबुतीच्या तपासणीचा भाग मानले जाते. लोक या मोठ्या तपासणीला स्ट्रक्चरल ऑडिट म्हणून ओळखतात. नाव काहीही असो, त्याला उत्तर शोधायचे असते ते एकाच प्रश्नाचे: पाण्याची वाट कोणती?

या वाटेकडे वळण्यापूर्वी बुरशीचा थोडा परिचय करून घेऊ. बुरशी ही वनस्पती नव्हे आणि प्राणीही नव्हे. सजीवांचा तो एक निराळाच वर्ग आहे. तिचे बीजाणू इतके सूक्ष्म असतात की बहुतेकांची लांबी-रुंदी मिलिमीटरच्या हजाराव्या भागांतच मोजावी लागते. ते हवेत सर्वत्र तरंगत असतात. बीजाणू नाहीत असे घर शोधून सापडावयाचे नाही. चपलेवर, लोणच्याच्या बरणीत, शिळ्या भाकरीवर जो थर वाढतो तो याच बीजाणूंपासून. त्यांना रुजण्यास अन्न लागते, बेताची ऊब लागते आणि ओलावा लागतो. आपल्या घरांत ऊब बाराही महिने असते. अन्नही विपुल असते. विटेत किंवा सिमेंटमध्ये ते नसले तरी त्यांवर बसलेली धूळ, रंगातील चिकट द्रव्ये, लाकूड, पुठ्ठा आणि कागद हे सारे बुरशीला चालते. उणीव असते ती पाण्याची. ते मिळाले, आणि वस्तू एक-दोन दिवस ओलीच राहिली, तर बुरशीची वाढ सुरू होऊ शकते. यासाठीच भिजलेली वस्तू २४ ते ४८ तासांच्या आत वाळवावी, असे या विषयातील जाणकार सांगतात.

बुरशीशी माणसाचे वैर आहे असे नाही. १९२८ साली अलेक्झांडर फ्लेमिंग यांना पेनिसिलिन सापडले ते एका बुरशीमुळेच. परंतु ज्या खोलीत आपण रात्रभर श्वास घेतो, तेथे तिची वस्ती होणे निश्चित अपायकारक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली या विषयावरील पुराव्यांचा आढावा प्रसिद्ध केला. ओल व बुरशी असलेल्या घरांत राहणाऱ्यांना खोकला, धाप, श्वसनमार्गाचे संसर्ग यांचा धोका अधिक असतो आणि ज्यांना दमा आहे त्यांचा दमा बळावतो, असा त्याचा निष्कर्ष होता. मात्र हवेत अमुक इतके बीजाणू असले तर घर सुरक्षित आणि त्याहून अधिक असले तर धोक्याचे, अशी सीमारेषा काही आखता आली नाही. म्हणूनच जाणता तपासनीस हवेतील बीजाणू मोजण्यात फारसा वेळ दवडत नाही. डोळ्यांना बुरशी दिसली आणि नाकाला कुबट वास आला, की तेवढा पुरावा त्याला पुरे होतो. त्याचे पुढील सारे लक्ष पाण्याकडे लागते.

भिंतीत पाणी मुख्यतः चार वाटांनी येते. पावसाचे पाणी गच्चीतील, बाहेरील गिलाव्यातील अथवा खिडकीच्या कडेच्या फटीतून आत शिरते. नळ, सांडपाण्याची नळी किंवा मोरीची लादी यांतून घरातलेच पाणी झिरपते. जमिनीतील ओलावा भिंतीतील सूक्ष्म छिद्रांतून वर चढतो. दिव्याची वात ज्या गुणामुळे तेल वर ओढून घेते, त्याच गुणामुळे वीट पाणी ओढते. ही ओल सामान्यतः कमरेइतक्या उंचीपर्यंत येऊन थांबते. चौथी वाट सर्वांत फसवी आहे, कारण तीत गळती कोठेच नसते. थंड पाण्याने भरलेल्या तांब्याच्या बाहेरच्या अंगावर पाण्याचे थेंब जमतात, हे सर्वांनी पाहिलेले आहे. ते पाणी तांब्यातून पाझरत नाही. दमट हवेतील वाफ थंड पृष्ठभागावर येऊन निवते आणि तिचे पाणी होते. वातानुकूलित खोलीला लागून असलेली भिंत अशीच थंडगार पडते आणि पलीकडच्या दमट खोलीतील वाफ तिच्यावर निवते. त्यातून भिंतीला टेकून मोठे कपाट ठेवलेले असले तर मागे वारा लागत नाही, आणि बुरशीला निवांत जागा मिळते.

आता तपासनीस प्रत्यक्ष काम कसे करतो ते पाहू. समजा, दादरमधील एक चार मजली काँक्रीटची इमारत आहे. तिसऱ्या मजल्यावर एक आजी राहतात. त्यांच्या बाहेरच्या खोलीत पंख्याच्या कडीपाशी, छताच्या मध्यभागी, थाळीएवढा डाग पडला आहे. वरच्या मजल्यावरील बिऱ्हाडाची मोरी गळते, असे आजींचे ठाम मत आहे. वरच्या बिऱ्हाडाने लाद्या उखडून मोरी नवी केली, खर्च सोसला. तरी डाग गेला नाही. आता दोन्ही घरांत बोलाचाली बंद आहे.

तपासनीस येतो तो हत्यार न उचलता प्रथम प्रश्न विचारतो.

“आजी, हा डाग ओला केव्हा होतो? वर्षभर, की पावसातच?”

“पावसातच हो. मार्गशीर्षात हात लावाल तर खडखडीत कोरडा.”

“पाऊस सुरू झाला की लगेच ओला होतो?”

“छे! जोराचा वारा-पाऊस झाला, की दुसऱ्या दिवशी. नुसती रिपरिप असली तर नाही होत.”

या दोन उत्तरांतच निम्मे काम झाले. मोरी बारा महिने वापरली जाते. ती गळत असती तर डागही बारा महिने ओला राहिला असता. वाऱ्यासह आलेल्या पावसातच ओल येते, त्याअर्थी पाणी बाहेरच्या भिंतीतून शिरत असावे. आणि एक दिवस उशीर होतो, त्याअर्थी ते लांबून येत असावे. तपासनीस इमारतीला बाहेरून फेरी मारतो आणि दुर्बिणीतून वरची भिंत निरखतो. चौथ्या मजल्याच्या पातळीवर, पन्हळीची नळी जेथे भिंतीला जोडली आहे तेथे, पिंपळाचे एक रोप हातभर वाढलेले त्याला दिसते. पक्ष्यांच्या विष्ठेतून पडलेले बी फटीत रुजले, मुळांनी फट रुंद केली आणि पावसाला दार मिळाले. तेथून आत आलेले पाणी विजेच्या तारा नेण्यासाठी स्लॅबमध्ये पुरलेल्या नळीला मिळाले, नळीतून वाहत खोलीच्या मध्यापर्यंत गेले आणि पंख्याच्या कडीपाशी, जेथे नळी उघडी होते तेथे, खाली उतरले. डाग आणि त्याचे मूळ यांत बारा-पंधरा फुटांचे अंतर होते! पाणी खाली वाहते हे खरे. परंतु वाहण्यापूर्वी ते आडवे किती प्रवास करील याचा भरवसा नसतो. शेजाऱ्यांमधील किती तंटे या एका गोष्टीच्या अज्ञानातून उभे राहतात, याची गणतीच नाही.

अर्थात, अनुमान कितीही पटले तरी ते पडताळून पाहावे लागते. संशय गच्चीवर असेल तर तिची तोंडे बंद करून तीत थोडे पाणी एक-दोन दिवस साठवून ठेवतात आणि खालच्या छताकडे लक्ष देतात. सांडपाण्याच्या नळीचा संशय असेल तर तीत रंगीत पाणी सोडतात; तोच रंग खाली उतरला की शंका उरत नाही. बाहेरच्या भिंतीवर नळीने फवारा मारताना खालून सुरुवात करून हळूहळू वर जातात. वरून आरंभ केला तर ओघळ सर्व फटींवरून जाईल आणि दोषी फट कोणती ते कळणार नाही.

उपकरणेही आता नाना प्रकारची मिळतात. ओलावामापक नावाच्या एका लहान यंत्राला दोन टोकदार सुया असतात. त्या भिंतीत टोचल्या असता यंत्र दोन सुयांमधील विजेचा रोध मोजते; ओल अधिक असेल तर रोध कमी. पण लोणा लागलेल्या भिंतीत क्षार असतात आणि क्षारांमुळेही रोध घटतो, म्हणून बरीचशी वाळलेली भिंतही या यंत्राला ओली वाटू शकते. यासाठी चतुर तपासनीस एका आकड्यावर विसंबत नाही. तो भिंतीवर खडूने चौकटी आखतो, प्रत्येक चौकटीतील आकडा टिपून घेतो आणि आकडे कोणत्या दिशेने चढतात ते पाहतो. तळाशी मोठे आणि वर लहान असतील तर जमिनीची ओल. खिडकीच्या कोपऱ्याकडे वाढत जात असतील तर पाऊस. अधिक खात्री हवी असल्यास भिंतीचा चुरा घेऊन तो कॅल्शियम कार्बाइडसह पोलादी बाटलीत बंद करतात. चुऱ्यातील पाणी आणि कार्बाइड यांच्या संयोगाने ॲसिटिलीन वायू निर्माण होतो. पूर्वी जत्रेत फेरीवाल्यांच्या पाटीवर कार्बाइडचे दिवे जळत, ते याच वायूवर. बाटलीतील वायूचा दाब मोजला की चुऱ्यात पाणी किती होते हे समजते. उष्णतेचे चित्र घेणारा कॅमेराही उपयोगी पडतो. ओल्या जागेतून पाणी उडून जाताना ती जागा थोडी थंड होते आणि चित्रात निराळ्या रंगाची दिसते. मात्र कॅमेऱ्याला पाणी दिसत नाही, केवळ उष्णतेतील फरक दिसतो, हे विसरून चालत नाही. एकंदरीत यंत्रे तपासनिसाला साहाय्य करतात. आजींना विचारलेल्या दोन प्रश्नांची जागा त्यांना घेता येत नाही.

येथवर आपण ओलीमुळे होणारी गैरसोय व आजार यांचाच विचार केला. काँक्रीटच्या इमारतीत मात्र ओल याहून खोल जाऊन पोचते. काँक्रीटच्या पोटात पोलादी सळया असतात आणि स्लॅबचा व तुळईचा ताण त्याच सोसतात. ताजे काँक्रीट अत्यंत अल्कधर्मी असते. त्यामुळे सळईवर एक अतिशय पातळ संरक्षक थर तयार होतो आणि तिला गंज चढत नाही. वर्षे लोटतात तसा हवेतील कार्बन डायऑक्साइड काँक्रीटमध्ये मुरतो व त्याची अल्कता कमी करतो. समुद्रकाठी खाऱ्या वाऱ्याबरोबर येणारे क्षारही हा थर फोडतात. मग ओल पोचली की सळई गंजू लागते. गंजाला मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा लागते. ती मिळवण्यासाठी तो काँक्रीटला आतून रेटा देतो. प्रथम सळईच्या रेषेत तडा जातो, पुढे खपल्या निखळून पडतात. तपासनीस हातोडीने तुळई ठोकून ऐकतो, त्याचे कारण हेच. धड काँक्रीट खणखणीत वाजते, सुटलेले पोकळ वाजते. शाळेच्या प्रयोगशाळेत असणारे फिनॉल्फथॅलिनही तो वापरतो. नुकत्याच फोडलेल्या काँक्रीटवर त्याचे द्रावण शिंपडले असता अल्कता शिल्लक असलेला भाग गुलाबी होतो, ती गमावलेला भाग जसाच्या तसा राहतो. तो बिनरंगी पट्टा सळईपर्यंत पोचला असेल, तर रंगाऱ्याला बोलावण्याची वेळ निघून गेली असे समजावे.

ही केवळ पुस्तकी भीती नव्हे. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी, मुंबईत मुसळधार पाऊस होऊन गेल्यावर दोनच दिवसांनी, भेंडीबाजारातील हुसैनी इमारत सकाळच्या वेळी कोसळली आणि तीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. ती सुमारे शंभर वर्षांहून जुनी होती आणि जीर्ण ठरवली गेली होती. काही कुटुंबे निघून गेली होती, काही राहतच होती. एखादी इमारत पडण्यास एकच कारण पुरते असे क्वचितच घडते; परंतु वर्षानुवर्षे मुरलेले पाणी हे जुन्या इमारतींच्या शत्रूंमध्ये अग्रभागी आहे, यात संशय नाही. मुंबई महानगरपालिकेच्या अधिनियमानुसार ३० वर्षांहून जुन्या इमारतीची नोंदणीकृत अभियंत्याकडून तपासणी करून घ्यावी लागते. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत १५ ते ३० वर्षांच्या इमारतीसाठी पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुनीसाठी तीन वर्षांतून एकदा, असा क्रम घालून दिला आहे. शहरातील जुन्या उपकरप्राप्त इमारतींची पाहणी म्हाडाचे दुरुस्ती मंडळ दरवर्षी पावसाळ्यापूर्वी करते आणि अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करते. यादीत नाव आल्यावर घर सोडणे किती कठीण असते, हे ज्यांच्यावर ती वेळ आली त्यांनाच ठाऊक. भाड्याची जागा, मुलांची शाळा, कामाचे ठिकाण, आणि परत घर मिळेल की नाही ही धास्ती, अशा अनेक गोष्टी त्यात गुंतलेल्या असतात. डाग थाळीएवढा असतानाच पाण्याची वाट शोधली, तर ही पाळी येण्याची शक्यता पुष्कळ कमी होते.

पुरानंतरची तपासणी थोडी वेगळी असते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. २०२१ च्या जुलैत वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले. अशा वेळी पाण्याची वाट शोधावी लागत नाही. ते दारातूनच आलेले असते. पण भिंतीवरील गाळाची रेघ ही ओलीची सीमा नसते. वीट पाणी वर ओढत असल्याने रेघेच्या वर हात-दोन हात भिंत ओली असू शकते. गाद्या व फुगलेले लाकडी तक्ते टाकून द्यावे लागतात आणि भिंत आतून वाळल्याची खात्री होईपर्यंत तिला रंग लावू नये, असे तपासनीस बजावतो.

तपासणीच्या शेवटी लेखी अहवाल देण्याचा प्रघात आहे. कोठे काय आढळले, पाणी कोठून येते, तो निष्कर्ष कशावरून काढला आणि कोणते काम आधी करावे, हे त्यात छायाचित्रांसह नमूद असते. बुरशी कोरडी झाडू नये, कारण त्यामुळे बीजाणू खोलीभर उडतात. नाकातोंडावर फडके बांधून ती साबणाच्या पाण्याने पुसून काढावी, अशा सूचनाही असतात. अहवाल लिहिणाऱ्यानेच दुरुस्तीचे कंत्राट घ्यावे काय, हा प्रश्न मात्र नाजूक आहे. दोष जितके अधिक दाखवावे तितका दुरुस्तीचा लाभ अधिक, असा मोह कोणालाही पडू शकतो. अमेरिकेतील टेक्सास, फ्लोरिडा व न्यूयॉर्क या राज्यांनी बुरशीच्या बाबतीत यावर कायदाच केला असून, एकाच घराची तपासणी आणि सफाई एकाच व्यक्तीने करण्यास त्यांनी प्रतिबंध घातला आहे. आपल्याकडेही तपासनीस निराळा आणि ठेकेदार निराळा ठेवणे शहाणपणाचे ठरते.

काळवेळेचाही एक पेच येथे आहे. ओल पाहावी ती पावसात, कारण तेव्हाच पाणी आपली वाट दाखवते. दुरुस्ती करावी ती कोरड्या दिवसांत, कारण ओल्या भिंतीवर नवा गिलावा धरत नाही. म्हणून पावसाळ्यात टिपलेले आकडे जपून ठेवतात, थंडीत पिंपळाचे रोप मुळासकट काढून फट बुजवतात आणि पुढच्या वर्षी वाऱ्यासह पहिला मोठा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी त्याच जागी सुया टोचून आकडे पुन्हा घेतात.